एका ओळीने घसरलेली जनुकं

२००६ सालच्या अखेरीस ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या काही डॉक्टरांनी आपल्याच संस्थेतल्या संख्याशास्त्रज्ञांकडे एक काम सोपवलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाचा एक शोधनिबंध नुकताच ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला होता. रुग्णाच्या गाठीत कोणती जनुकं किती जोमाने काम करताहेत हे मोजलं, की केमोचं कोणतं औषध त्याला लागू पडेल ते आधीच सांगता येतं, असा त्याचा दावा. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की पद्धत समजून घ्या, आपल्याकडेही वापरू. कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांच्या मनात तेव्हा काही काळंबेरं नव्हतं. पद्धत शिकायची म्हणून ते बसले.

ते शिकणं पुढे चार वर्षं पुरलं. त्यात दोघांचे हजाराहून जास्त तास गेले, तीन क्लिनिकल ट्रायल बंद पडल्या, आणि जनुक-अभिव्यक्तीच्या, म्हणजे कोणतं जनुक किती काम करतंय हे मोजण्याच्या क्षेत्रातलं सगळ्यात बारकाईने तपासलं गेलेलं प्रकरण उभं राहिलं. हे प्रकरण बहुतेक ठिकाणी ‘एका शास्त्रज्ञाची लबाडी’ म्हणून सांगितलं जातं. लबाडी होती, तिच्याकडे येऊच. पण मी स्वतः रोज असल्याच तक्त्यांवर काम करतो, त्यामुळे मला त्यातला दुसराच भाग जास्त अस्वस्थ करतो. जनुकांची नावं चुकली होती, आणि चुकलेल्या नावांचाही छान अर्थ लागत होता.

आधी पद्धत पाहू, कारण कल्पना मुळात चांगली होती.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यातला फरक कोणती जनुकं किती वापरली जातात यात असतो. जनुक वापरलं जातं तेव्हा त्याची आरएनए प्रत निघते. या प्रती मोजल्या की त्या पेशीत आत्ता काय चाललंय याचा अंदाज येतो. त्या काळी हे मोजायचं साधन होतं मायक्रोअ‍ॅरे, बोलीत ‘चिप’. काचेच्या छोट्या तुकड्यावर डीएनएचे पंचवीस-पंचवीस अक्षरांचे आखूड धागे ठरलेल्या जागी चिकटवलेले असतात. नमुन्यातल्या आरएनएपासून तयार केलेल्या, रंग लावलेल्या प्रती त्यावर ओतायच्या. ज्याची त्याची जोडी जिथे असेल तिथे ती प्रत चिकटते आणि तो ठिपका चमकतो. जास्त चमक म्हणजे जास्त आरएनए. अ‍ॅफिमेट्रिक्स कंपनीच्या त्या वेळच्या एका चिपवर असे साधारण साडेबारा हजार प्रोब-संच होते; प्रोब म्हणजे हे चिकटवलेले धागे. प्रत्येकाला एक क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकाचं कुठल्या तरी जनुकाशी लग्न लावलेलं.

म्हणजे शेवटी हाती येतो तो एक तक्ता. साडेबारा हजार ओळी, आणि जितके नमुने तितके रकाने. आत नुसते आकडे. डावीकडच्या रकान्यात प्रोबची नावं आणि वरच्या ओळीत नमुन्यांची नावं असतील तरच त्या आकड्यांना काही अर्थ. नाव आणि आकडा यांची फारकत झाली, तर आकड्यांकडे पाहून ते कधीच कळत नाही. ७.८३ हा आकडा मी कोणाचा आहे असं सांगत नाही.

ड्यूकमधल्या अनिल पोट्टी आणि जोसेफ नेव्हिन्स यांच्या गटाने घेतलेला आधार एनसीआय-६० नावाचा संच. वेगवेगळ्या कर्करोगांपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या साठ सेल लाइन, म्हणजे पेशींचे वंश. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्यांच्यावर हजारो रसायनं तपासली होती, त्यामुळे कोणतं औषध कोणत्या सेल लाइनला किती मारतं याचे आकडे सगळ्यांना खुले होते. त्यांच्या चिपचे आकडेही खुले होते. कृती अशी: एखादं औषध घ्यायचं, त्याला पटकन बळी पडणाऱ्या काही सेल लाइन एका बाजूला, दाद न देणाऱ्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांत सगळ्यात जास्त फरक दाखवणारी जनुकं निवडायची. ही झाली त्या औषधाची ‘सही’. मग रुग्णाच्या गाठीत ती सही कोणत्या गटासारखी दिसते ते पाहायचं. असं सात औषधांसाठी केलं होतं.

निबंधात प्रत्येक औषधासाठी लाल-निळ्या चौकोनांचा नकाशा होता: डावीकडे सगळं निळं, उजवीकडे सगळं लाल, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. असे नकाशे पाहून भलेभले भुलतात. खरं म्हणजे त्या रेघेला फारसा अर्थ नसतो. साडेबारा हजार ओळींतून ‘या दोन गटांत सगळ्यात वेगळ्या दिसणाऱ्या पन्नास ओळी दे’ असं म्हटलं, तर गट चिठ्ठ्या टाकून पाडले असले तरी पन्नास ओळी सापडतात आणि नकाशा तितकाच सुबक दिसतो. ज्या गुणावर निवड केली तोच गुण नंतर चित्रात दिसला, यात नवल काय? खरी परीक्षा, निवडीत अजिबात न वापरलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवर अंदाज बरोबर येतो का, हीच. ड्यूकच्या निबंधात तीही उत्तीर्ण झाल्याचं लिहिलं होतं.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी खुले आकडे उतरवले, निबंधात लिहिल्याप्रमाणे पायऱ्या चढायला सुरुवात केली आणि पहिल्याच मजल्यावर अडले. त्यांना मिळालेली जनुकांची यादी निबंधातल्या यादीशी जुळेना. थोडीफार वेगळी असती तर समजण्यासारखं होतं. गणिताच्या बारीकसारीक निवडींनी तेवढा फरक पडतो. ही यादी जवळपास पूर्ण वेगळी होती. मग त्यांनी दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या. एकीत ३१३२१ क्रमांकाचा प्रोब, दुसरीत ३१३२२. एकीत ३१७२५, दुसरीत ३१७२६. एकीत ३२३०७, दुसरीत ३२३०८.

प्रत्येक नाव बरोबर एका ओळीने घसरलं होतं.

कारण बहुधा अगदी क्षुल्लक असावं. ड्यूकच्या गटाचं सॉफ्टवेअर आकड्यांचा तक्ता शीर्षकाच्या ओळीशिवाय मागत असे. आकड्यांच्या फाइलमधून शीर्षक काढलं आणि नावांच्या फाइलमध्ये ते राहिलं, की पहिल्या आकड्यासमोर शीर्षक येतं, दुसऱ्यासमोर पहिल्याचं नाव, आणि पुढे साडेबारा हजारांची रांग अशीच सरकलेली. लग्नाच्या पंगतीत एकजण चुकीच्या पाटावर बसला की पुढच्या सगळ्यांपुढे शेजाऱ्याचं ताट येतं, तसं.

इथे ड्यूकच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि हे प्रकरण सांगणारे बरेचजण ती गाळतात. सॉफ्टवेअर अंदाज बांधतं तो आकड्यांवरून. नावांशी त्याला देणंघेणं नसतं. नावं शेवटी, यादी छापताना चिकटतात. म्हणजे फक्त नावं घसरली असतील, तर छापलेला तक्ता चुकीचा ठरेल, पण रुग्णाबद्दलचा अंदाज जागेवर राहील. ड्यूकने पुढे साधारण असाच बचाव केला: चूक कारकुनी आहे, निष्कर्षाला धक्का नाही. एवढ्यापुरता तो तर्कशुद्ध होता.

पण मग प्रश्न येतो, की हे तक्ते कोणाच्याच डोळ्यांत का खुपले नाहीत? लेखक होते, परीक्षक होते, कर्करोगतज्ज्ञ वाचक होते. यादीतली जवळपास सगळीच नावं चुकीची होती.

उत्तर मला माझ्या विद्यार्थ्यांनी दिलं. दरवर्षी एमएस्सीच्या वर्गात मी पन्नास जनुकांची यादी वाटतो आणि ‘यावरून पेशीत काय चाललं असावं ते लिहा’ म्हणतो. अर्ध्या वर्गाच्या यादीत नावं मुद्दाम एका ओळीने सरकवलेली असतात. आजवर एकाही गटाने ‘ही यादी निरर्थक वाटते’ असं लिहिलेलं नाही. पेशीविभाजन, मृत्यूचे संकेत, ताण, दुरुस्ती. कोणतीही पन्नास नावं घ्या, त्यात आठ-दहा तरी अशा कामांतली निघतात. माणसाच्या प्रत्येक जनुकाबद्दल आता एवढं लिहून ठेवलंय, की कुंडली मांडणाऱ्यासारखं आहे: ग्रह कुठेही असोत, फल सांगता येतंच. मी स्वतः संशोधनाच्या पहिल्या वर्षी दोन फायली जोडताना हीच चूक केली होती, आणि त्या यादीवर दोन पानं लिहून गाइडना दिली होती. त्यांना ती आवडली होती.

यापुढचा भाग कारकुनी म्हणून सोडून देता येत नाही.

सही तयार करताना प्रत्येक सेल लाइनवर चिठ्ठी लागते, औषधाला बळी पडणारी की दाद न देणारी. तक्त्यात हे बहुतेकदा ० आणि १ असं लिहितात. ० म्हणजे कोण आणि १ म्हणजे कोण हे ठरवणं सर्वस्वी माणसाच्या हातात. बॅगर्ली-कूम्ब्स यांना काही औषधांच्या बाबतीत या चिठ्ठ्या उलट्या लागल्याचं दिसलं. अ‍ॅड्रियामायसिनसाठी पडताळणीला वापरलेले नमुने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे होते, आणि त्यांत औषध लागू पडलेले व न पडलेले यांची अदलाबदल झाली होती. शिवाय काही नमुने एकाहून जास्त वेळा आलेले. त्यातल्या काहींवर एका जागी ‘लागू’ आणि दुसऱ्या जागी ‘नाही’ अशी चिठ्ठी. ही चूक आकड्यांपर्यंत पोचते. चिठ्ठ्या उलट्या असतील तर सॉफ्टवेअर नेमका उलटा सल्ला देतं, तोही तितक्याच आत्मविश्वासाने.

नोव्हेंबर २००७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने ह्यूस्टनच्या गटाचं पत्र आणि त्याखाली ड्यूकचं उत्तर छापलं. ड्यूकने याद्या दुरुस्त केल्या आणि पद्धत चालते असं ठामपणे सांगितलं. वाचणाऱ्यांनी दोन तज्ज्ञांचा वाद समजून पान उलटलं. दरम्यान ड्यूकमध्ये त्याच वर्षी ट्रायल सुरू झाल्या होत्या. एकूण तीन, दोन फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या, एक स्तनाच्या. फुफ्फुसासाठी सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्स्ड या औषधांच्या सह्या, स्तनासाठी अ‍ॅड्रियामायसिन आणि डोसिटॅक्सेलच्या.

सिस्प्लॅटिनची सही ड्यूकच्याच दुसऱ्या निबंधातली, ऑक्टोबर २००७ च्या ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’तली. इथे सेल लाइन वेगळ्या होत्या, तीस, आणि चिपही पुढच्या पिढीची. यादीत ४५ जनुकं. बॅगर्ली-कूम्ब्स यांनी पुन्हा तीच कृती केली. ४१ नावं जुळली, अर्थात एका ओळीने सरकवल्यावर. राहिली चार.

या चार नावांवर मी वर्गात एक अख्खा तास घालवतो. त्यात होती ईआरसीसी१ आणि ईआरसीसी४, डीएनए दुरुस्त करणारी जनुकं. सिस्प्लॅटिन डीएनएच्या धाग्यांना आपसात चिकटवून टाकतं. धागे सुटे होईनात की पेशी विभागू शकत नाही आणि मरते. ईआरसीसी१ आणि ईआरसीसी४ यांची प्रथिनं जोडीने काम करून नेमका हाच चिकटलेला तुकडा कापून काढतात. म्हणजे ही जनुकं जोरात असलेली गाठ सिस्प्लॅटिन पचवणार, हे पाठ्यपुस्तकी शहाणपण. यादीत ती असणं म्हणजे सोन्याला सुगंध, आणि निबंधाच्या मजकुरात लेखकांनी त्यांचा खास उल्लेख केला होता. पण ड्यूकचं सॉफ्टवेअर ड्यूकच्याच आकड्यांवर चालवलं तर ती चार नावं यादीत येतच नव्हती. त्यातले दोन प्रोब तर वापरलेल्या चिपवरही नव्हते. दुसऱ्या चिपवरचे होते ते.

शीर्षकाची ओळ विसरल्याने नाव घसरतं. चिपवर नसलेला प्रोब घसरून येत नाही. तो कोणी तरी आणून ठेवावा लागतो.

आणि पेमेट्रेक्स्ड? त्याच्या चिठ्ठ्या उलट्या होत्या.

आता ट्रायलची मांडणी आठवा. रुग्णाच्या गाठीचा तुकडा घ्यायचा, चिप चालवायची, सहीवरून औषध ठरवायचं. अ‍ॅड्रियामायसिनच्या चिठ्ठ्या उलट्या आणि पेमेट्रेक्स्डच्याही उलट्या असतील, तर ज्या रुग्णाला ते औषध लागू पडण्याची शक्यता सगळ्यात कमी, त्यालाच ते देण्याचा सल्ला निघू शकतो. विद्यापीठाचं म्हणणं असं, की दोन्ही बाजूंची औषधं प्रचलित उपचारांतलीच आहेत, कोणाला उपचाराविना ठेवलेलं नाही. ते खरंही होतं. पण शंभराहून अधिक रुग्ण या ट्रायलमध्ये आले ते ‘तुमच्या गाठीची जनुकं पाहून औषध निवडू’ या शब्दावर.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी हे सगळं लिहून काढलं. जीववैद्यकीय नियतकालिकांत ते छापून येईना. शेवटी २००९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाने घेतलं, म्हणजे कर्करोगाचे डॉक्टर जिथे सहसा फिरकत नाहीत तिथे. या कामाला त्यांनी नाव दिलं ‘फॉरेन्सिक बायोइन्फर्मेटिक्स’. पंचनामाच तो: निकाल समोर आहे, कृती लिहिलेली नाही, उरलेल्या खुणांवरून काय घडलं असेल ते शोधायचं.

या वेळी मात्र हालचाल झाली. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ड्यूकने नवीन रुग्ण घेणं थांबवलं आणि बाहेरच्या तज्ज्ञांची तपासणी लावली. तपासणी चालू असतानाच ड्यूकच्या संकेतस्थळावर पडताळणीचे नवे आकडे आले. बॅगर्लींनी ते लगेच तपासले. अंडाशयाच्या कर्करोगाचे ५९ नमुने होते. मूळ स्रोताशी ताडून पाहता त्यातल्या ४३ नमुन्यांवर भलत्याच नमुन्याचं नाव होतं, आणि उरलेल्या १६ मध्ये जनुकांची नावंच विसकटलेली. त्यांनी टिपण लिहून विद्यापीठाला पाठवलं. ते टिपण तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत पोचवलं गेलं नाही. तज्ज्ञांच्या मतावर परिणाम होईल, म्हणून! तपासणीचा अहवाल अनुकूल आला आणि जानेवारी २०१० मध्ये ट्रायल पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला.

राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संख्याशास्त्रज्ञ लिसा मॅकशेन यांचा लढा याच सुमारास आतून चालू होता. ड्यूकच्या गटाची फुफ्फुसाच्या कर्करोगासाठीची एक वेगळी सही संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये वापरली जाणार होती. मॅकशेन यांनी आकडे आणि कोड मागवून ते चालवलं, तर तोच कोड त्याच आकड्यांवर दुसऱ्यांदा चालवल्यावर काही रुग्णांचा अंदाज बदलत होता. जोखीम जास्त असलेला रुग्ण पुढच्या खेपेला जोखीम कमी असलेला. ती सही त्या ट्रायलमधून काढली गेली.

आणि तरीही ड्यूकच्या तिन्ही ट्रायल कशाने बंद पडल्या? बायोडेटाने. १६ जुलै २०१० ला ‘द कॅन्सर लेटर’ या वार्तापत्राने छापलं, की पोट्टी यांनी अनुदानाच्या अर्जांत आपण ऑक्सफर्डच्या प्रतिष्ठित ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे धारक असल्याचं लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. तीस-एक संख्याशास्त्रज्ञांनी कर्करोग संस्थेचे प्रमुख हॅरल्ड व्हार्मस यांना पत्र लिहिलं. काही दिवसांत ट्रायल थांबल्या, नोव्हेंबरात कायमच्या बंद झाल्या. तीन वर्षं तक्ते, कोड आणि पुरावे दाखवूनही जे होत नव्हतं ते शिष्यवृत्तीच्या एका ओळीने झालं. संख्याशास्त्र कळायला वेळ लागतो. खोटी शिष्यवृत्ती मात्र सगळ्यांना लगेच कळते.

मग नेव्हिन्स यांनी स्वतः मूळ आकडे उघडून पाहिले आणि पडताळणीचे आकडे मूळ स्रोताशी जुळत नाहीत हे मान्य केलं. पोट्टी यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये राजीनामा दिला. सिस्प्लॅटिनचा निबंध त्याच महिन्यात मागे घेतला गेला, ‘नेचर मेडिसिन’चा जानेवारी २०११ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला मार्चमध्ये, पुढे आणखीही बरेच. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने निष्कर्ष जाहीर केला, की आकड्यांत फेरफार झाले होते. त्यातलं एक उदाहरण: डॅसॅटिनिब हे औषध ३३ पैकी ६ रुग्णांना लागू पडलं असं एका अनुदान-अर्जात लिहिलं होतं. प्रत्यक्षात चारच रुग्ण घेतले होते आणि एकालाही ते लागू पडलं नव्हतं. पोट्टी यांनी आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. संशोधन केलंच तर पाच वर्षं देखरेखीखाली करण्याचं मान्य केलं. रुग्णांच्या कुटुंबीयांचे दावे त्याआधीच तडजोडीने मिटले होते.

२०१५ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. ब्रॅडफर्ड पेरेझ नावाचा तिसऱ्या वर्षाचा वैद्यकीय विद्यार्थी त्या प्रयोगशाळेत काम करत होता. २००८ च्या वसंतात, म्हणजे ट्रायल बंद पडण्याच्या दोन वर्षं आधी, त्याने आपल्या शंका सविस्तर लिहून वरिष्ठांना दिल्या होत्या. पडताळणीत अंदाज जिथे चुकतो ते नमुने सबळ कारण न देता वगळले जातात, हा त्यातला मुख्य मुद्दा. प्रकरण बाहेर नेऊ नये असं त्याला समजावण्यात आलं. त्याने निबंधांवरून आपलं नाव काढून घेतलं, प्रयोगशाळा सोडली आणि संशोधनाचं ते वर्ष दुसरीकडे पुन्हा केलं. ह्यूस्टनमध्ये दोन अनुभवी माणसांना बाहेरून, खुणा जुळवत जे दिसत होतं, ते आत बसलेल्या पोराला महिन्यांत दिसलं होतं. त्याने गमावलेलं वर्ष कुठल्या अहवालात मोजतात, मला माहीत नाही.

मागे वळून पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते: यात कुठेच नवीन प्रयोग करावा लागला नाही. कोणी पेशी वाढवल्या नाहीत, कोणी चिप चालवली नाही. साधनं म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवणं, मूळ स्रोतातला रकाना आणि छापलेला रकाना ताडणं, आणि तोच कोड दोनदा चालवणं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मार्च २०१२ मध्ये या निमित्ताने जो अहवाल दिला, त्यातल्या शिफारशींचा गाभाही याच्या जवळ जातो. आकडे आणि कोड खुले करा, रुग्णावर वापरण्याआधी पद्धत गोठवा, आणि न पाहिलेल्या नमुन्यांवर ती तपासा.

गोठवणं या शब्दावर जरा थांबतो, कारण व्यवहारात तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. नवे नमुने आले की हात शिवशिवतात: हा एक प्रोब काढून पाहू, ही सीमारेषा थोडी सरकवू. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला तर निरुपद्रवी आणि प्रामाणिकही असतो. पण प्रत्येक बदलागणिक परीक्षेचा पेपर थोडा थोडा फुटत जातो.

आता चिप जवळपास इतिहासजमा झाली. आम्ही आरएनए सरळ वाचतो, सीक्वेन्सिंग करून. तक्ता मात्र तोच, ओळी मात्र वाढलेल्या. घसरण्याच्या जागाही आहेत तशाच, काही नव्या. सेप्टिन कुटुंबातल्या जनुकांची इंग्रजी नावं लघुरूपात ‘सेप्ट’ने सुरू होत, एक्सेलमध्ये फाइल उघडली की ‘सेप्ट २’ची तारीख व्हायची, २ सप्टेंबर. ‘मार्च १’ नावाचं जनुक १ मार्च व्हायचं. २०१६ मध्ये झालेल्या पाहणीत, एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या निबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. एक्सेल बदलेना, तेव्हा २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. ऐकायला विनोदी वाटतं, पण तेच सोपं होतं.

माझ्यापुरत्या दोन सवयी या प्रकरणाने लावल्या. पहिली, दोन तक्ते ओळीच्या क्रमाने कधी जोडायचे नाहीत, नेहमी ओळखक्रमांकाने. क्रम जुळत असेल तरीही, किंबहुना तेव्हा तर नक्कीच. दुसरी, तक्ता हाती आला की जीवशास्त्राच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक जनुक उघडून पाहायचं, एक्झिस्ट. स्त्रियांच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गप्प बसवलं जातं, ते काम एक्झिस्टच्या आरएनएचं. त्यामुळे स्त्रीच्या नमुन्यात ते भरपूर आणि पुरुषाच्या नमुन्यात जवळपास शून्य. सोबत वाय गुणसूत्रावरची दोन-तीन जनुकं. नमुन्यासोबत आलेल्या कागदावरचं लिंग आणि हे आकडे जुळले नाहीत, तर कुठे तरी नळी बदललेली असते. कर्करोगाच्या नमुन्यांत गुणसूत्रंच हरवलेली असू शकतात, त्यामुळे तिथे जपून. रक्ताच्या नमुन्यांत सहसा फसत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका प्रयोगशाळेकडून चोवीस रक्ताच्या नमुन्यांचा तक्ता आला. नऊ आणि दहा क्रमांकाच्या नमुन्यांत एक्झिस्ट उलटं होतं. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, पण निष्कर्ष अगदी अपेक्षेप्रमाणे आलेत.” मी म्हटलं, म्हणूनच फोन केला. तिने फ्रीजरमधून रॅक काढून झाकणांवरचे आकडे वाचून दाखवले. नऊच्या खाचेत दहा होता.